तो रस्ता पाण्याच्या हिशेबात धरा

प्रति,
ग्रामीण पाणीपुरवठा आणि बांधकाम या दोन्ही विभागांचे अधिकारी
आणि आमच्या भागाचे सर्व लोकप्रतिनिधी

सविनय नमस्कार.

आमच्या वाड्यांवर नळाच्या पाण्याला वीज लागत नाही. कोकणात घाटाच्या पायथ्याशी ज्या थोड्या गावांचं हे भाग्य आहे, त्यांतलं आमचं एक. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, पाऊस पडतो. जांभ्याच्या भोकाभोकांतून आणि भेगाळलेल्या कातळातून तो मुरत खाली जातो. मध्येच घट्ट, अखंड कातळाचा थर लागला की पुढे वाट राहत नाही. मग ते पाणी आडवं चालत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. आमचा झरा तो. त्याच्यावर सिमेंटची कोठी बांधली आहे. कोठीतून निघालेला पाइप उताराने साठवण टाकीत येतो आणि टाकीतून तिन्ही वाड्यांच्या नळांना पाणी जातं. मोटार नाही, पंप नाही, बिल नाही. वीजबिल थकलं म्हणून बंद पडलेल्या नळयोजना मी आसपास पाहिल्या आहेत. आमची योजना त्या कारणाने एक दिवसही थांबली नाही.

मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. किट देऊन पाणी तपासायला शिकवलेल्या पाच बायकांपैकी मी एक. लग्न होऊन या घरात आले तेव्हा झऱ्यावर कोठी नव्हती. पऱ्यातून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातून, हंडे भरून आणायचो. माझ्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसांनी सिमेंटच्या गोण्या डोक्यावर घेऊन चढ चढला, तेव्हा ती पहिली कोठी उभी राहिली. पायवाट रुंद करून रस्ता झाला तो त्यानंतर, थोडा श्रमदानातून आणि थोडा सरकारी निधीतून. खोदाई सोपी जाते म्हणून पाइपही रस्त्याच्या कडेनेच टाकला गेला. त्या वेळी ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

हा दीड किलोमीटरचा कच्चा रस्ता गेल्या पावसाळ्यातल्या वादळात तुटला. त्याच्याबद्दलच हे पत्र लिहीत आहे.

रस्ता म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे माणसं आणि गाड्या येतात. या रस्त्याच्या टोकाला घर नाही, शाळा नाही, देऊळही नाही. तिथे फक्त झऱ्याची कोठी आहे. म्हणून कागदावर तो कोणाच्याच उपयोगाचा दिसत नाही. पण आमची नऊशे माणसं. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरलं, तर दिवसाला जवळजवळ ५० हजार लिटर पाणी त्या रस्त्याच्या कडेने आमच्याकडे येतं. या रस्त्यावरची वाहतूक ती. ती पाइपातून चालते एवढाच फरक.

काय झालं ते क्रमाने सांगते, कारण दुरुस्ती कशी करायची हे त्यावरूनच ठरणार आहे.

या रस्त्याला पहिली चीर गेली ती जुलै २०२१ मध्ये. ते दिवस कोकणात आणि घाटात कोणीच विसरलेलं नाही. २२ जुलैला वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी खाली चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर दरड आली, पाटण तालुक्यातल्या आंबेघर-मिरगावात माणसं गाडली गेली. त्या मानाने आमचं नुकसान काहीच नव्हतं. रस्त्याच्या खालच्या कडेला, मधल्या वळणावर, हाताचा पंजा जाईल एवढी भेग पडली. दिवाळीनंतर डंपर आले, भेगेत मुरूम पडला, वरून रोलर फिरला. आम्ही ग्रामसभेत टाळ्या वाजवल्या.

पुढच्या पावसाळ्यात तो मुरूम वाहून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. गेला म्हणजे कुठे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. उतारावरून माती जाऊन जाऊन जाणार कुठे? खाली पऱ्यात. आणि वळणाच्या पुढच्या टप्प्यावर रस्ता झऱ्याच्या डोक्यावरून जातो, तिथली माती थेट कोठीच्या अंगाला. दरवर्षी आम्ही आमच्याच पैशाने आमच्याच पाण्यात माती घालत होतो.

गेल्या जुलैत संध्याकाळपासून वारा सुटला. रात्री ऐनाचं एक जुनं झाड मुळासकट मोरीच्या तोंडावर आडवं झालं. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला घातलेला एक अरुंद ह्यूम पाइप, सिमेंटचा, आधीच पाल्याने अर्धा भरलेला. डोंगरावरून आलेल्या पाण्याला खालून वाट उरली नाही, तेव्हा ते रस्त्यावर चढलं, रस्त्यावरून वळणापर्यंत धावलं आणि २०२१ च्या त्याच भेगेतून खाली कोसळलं. सकाळी आमची माणसं गेली तेव्हा चाळीस पावलांचा रस्ता नव्हताच. दोन्ही बाजूंच्या तुटक्या कडांच्या मध्ये आमचा पाइप तारेसारखा लोंबत होता. एका सांध्यातून पाणी उडत होतं. कोठीचं झाकण लाल चिखलाखाली गेलं होतं.

चार दिवस नळाला पाणी आलं नाही. पावसाळ्यात पाणी नाही हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पागोळ्यांखाली पातेली लावली, ते भांड्याधुण्याला झालं. पिण्याचं पाणी पुन्हा पऱ्यातून आणि दूरच्या विहिरीवरून आलं, डोक्यावरून, चिखलातून. माझ्या सुनेच्या पिढीने हे कधी केलं नव्हतं. पाचव्या दिवशी पोरांनी दोर लावून पाइप उचलला, झाडाला बांधला, सांध्यावर सायकलची ट्यूब आवळली. पाणी सुरू झालं. सगळे खूश झाले, मीही झाले. मग नळाखालचा पेला भरला तर तो चहासारखा लाल.

पाणी तपासणीची ती छोटी बाटली असते, एच-टू-एसची. खूण असेल तिथपर्यंत पाणी भरायचं आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. पाणी जिवाणूंनी दूषित असेल तर ते काळं पडतं. एरवी आमच्या झऱ्याची बाटली काळी पडलेली मला आठवत नाही. त्या आठवड्यात टाकीची, शाळेच्या नळाची आणि शेवटच्या वाडीच्या नळाची, तिन्ही बाटल्या दुसऱ्या सकाळपर्यंत काळ्या झाल्या. मी त्या खिडकीत ओळीने ठेवल्या होत्या. शेजारची मुलं बघून गेली. त्यांतल्या एकाने विचारलं, "काकू, आम्ही हेच प्यायलो का?" हो म्हणायला लागलं.

टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाका, असा निरोप आला. टाकत होतोच. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे आमच्या ५० हजारांच्या टाकीला पाव किलो. पण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. तो मातीच्या आणि पाल्याच्या कणांवरच खर्ची पडतो, आणि जंतू त्या कणांच्या आडोशाला टिकून राहतात. म्हणूनच नळाच्या टोकाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे असा नियम आहे. आम्ही दुप्पट पावडर टाकली तरी शेवटच्या वाडीत ओटी टेस्टला, म्हणजे उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीला, पिवळा रंग येत नव्हता. पाण्याचा गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो १ पर्यंतच असावा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५. पेल्याचा तळ दिसत नाही अशा पाण्याला मोजमापाची गरजच काय? तुरटी फिरवा, उकळा, गाळा, असं आम्ही दारोदार सांगत फिरलो. पण मातीच येणार नाही अशी व्यवस्था आधी हवी. ती व्यवस्था रस्त्यावर आहे. टाकीजवळ नाही, माझ्या किटमध्ये तर नाहीच.

आमचा जलसुरक्षक रोज एकदा वर जायचा. कोठीची जाळी साफ करायचा, व्हॉल्व्ह बघायचा, झऱ्याची धार किती बारीक झाली ते वहीत लिहायचा. आता तो आठवड्यातून एकदा जातो, दोराला धरून. त्याला रोज जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत. पुढचा पावसाळा सुरू झाला की तो दोरही उपयोगाचा नाही. मग कोठीत काय पडलंय, कोणतं जनावर मेलंय, पाइप कुठे सटकलाय, हे आम्हाला नळाला पाणी आल्यावर किंवा न आल्यावर कळणार. आज जरी आपण नवा पाइप आणि नवं झाकण मंजूर केलंत, तरी ते तिथपर्यंत न्यायचं कसं? पुन्हा डोक्यावरून. सासऱ्यांच्या पिढीने ते केलं, कारण तेव्हा रस्ता झालेलाच नव्हता.

आता आपल्या दोन विभागांविषयी. इथे मला कोणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. ज्या ज्या साहेबांना भेटलो, ते नीट बोलले, बसा म्हणाले. पण उत्तर दोन दारांत दोन मिळालं. बांधकामवाले म्हणाले, या रस्त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांकच नाही, नोंदीत नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकता येत नाही. पाणीपुरवठ्यात सांगितलं, आमच्या अंदाजपत्रकात कोठी, टाकी आणि पाइप बसतो, रस्ता बसत नाही. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतील. त्या दोन बरोबर उत्तरांच्या मधल्या चाळीस पावलांत आमचा पाइप लोंबतो आहे.

राज्यघटनेची अकरावी अनुसूची पंचायतींना २९ विषय देते. त्यात अकरावा विषय पिण्याचं पाणी आणि तेरावा रस्ते, मोऱ्या, पूल. मध्ये फक्त जळण आणि चारा. आपत्तीनंतरच्या मदतीचे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष पाहिले, तर तातडीने दुरुस्त करायच्या सार्वजनिक मालमत्तांच्या यादीत रस्ते-पूल आणि पिण्याच्या पाण्याची कामं लागोपाठ येतात. ज्यांनी या याद्या केल्या त्यांना वादळात या दोन गोष्टी एकत्रच मोडतात हे माहीत होतं असं मला वाटतं. निदान आमच्यासारख्या डोंगरातल्या गावात तरी त्या एकत्रच मोडतात.

म्हणून माझं पहिलं मागणं: या रस्त्याला क्रमांक मिळेपर्यंत थांबू नका. तो पाणीयोजनेचा भाग म्हणून धरा. जशी कोठी, जसा पाइप, तसा हा रस्ता. दोन्ही विभागांच्या अभियंत्यांनी एकत्र येऊन पाहणी करावी आणि अंदाजपत्रक एकच करावं. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखालून येणार ते आपण ठरवा. ते ठरवण्याचं ज्ञान आणि अधिकार आपल्याकडे आहेत.

दुसरं मागणं दुरुस्ती कशी करायची याचं आहे, आणि ते मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. कारण मला भीती आहे ती काम न होण्याची नाही तेवढी, पुन्हा मुरूम टाकून होण्याची आहे.

हा रस्ता वादळाने तोडला असं आम्ही म्हणतो. पण नीट पाहिलं तर तो पाण्याला वाट न दिल्याने तुटला. डोंगराच्या बाजूला गटार नव्हतं. जे होतं ते मातीचं, पहिल्याच पावसात भरलेलं. सगळा उतार आपलं पाणी एकाच मोरीकडे पाठवत होता, आणि ती मोरी बंद पडली की दुसरी वाट नव्हती. तेव्हा काम सुरू होईल ते आधी गटाराचं होऊ द्या. चढाच्या भागात दगडी बांधणीचं गटार, नाहीतर पाणीच ते खोल खणत जातं. एकच मोठी मोरी करून सगळं पाणी तिच्यावर सोपवू नका. थोड्या थोड्या अंतरावर लहान वाटा द्या, म्हणजे पाणी साठून जोर धरण्याआधीच रस्त्याखालून निघून जाईल. जिथे पऱ्याच आडवा येतो तिथे पाइपाची मोरी नको, स्लॅबची हवी. आत माणूस वाकून जाऊ शकेल, फावड्याने पाला ओढू शकेल एवढी. आमच्या जंगलात ऐन, किंजळ, जांभूळ यांचा पाला पावसाच्या पहिल्या सरीबरोबर खाली येतो. अरुंद पाइपाचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही. आणि मोरीतून पडणारं पाणी जिथे पडतं तिथे दगडांचं पिचिंग करा, म्हणजे दगड घट्ट बसवून घ्या. आमच्याकडे कितीतरी रस्ते मोरीच्या तोंडाशी टिकले आणि शेपटाशी खचले.

तुटलेल्या वळणावर संरक्षक भिंत लागणार, हे आम्हालाही दिसतं. भिंतीचा पाया कातळावर जाऊ द्या. मातीवर उभी केलेली भिंत मातीबरोबरच जाते. पाणी बाहेर पडायला तिच्यात भोकं ठेवा आणि ती गिलाव्यात बुजू देऊ नका. तारेच्या जाळीत दगड भरून भिंत करतात तीही चालेल, उलट तिच्यातून पाणी आपोआप झिरपतं. कोणती बरी ते आपले अभियंते जागेवर बघून ठरवतील. सगळ्या रस्त्याला डांबर हवं असा आमचा हट्ट नाही. चढाच्या तुकड्यांना काँक्रीट आणि बाकी दगडी सोलिंग एवढं झालं तरी ट्रॅक्टर जाईल. आम्हाला तेवढंच लागतं.

आता मलब्याचं. जेसीबी आला की सगळ्यात सोपं काम म्हणजे मलबा बकेटने दरीत ढकलणं. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो आणि फोटोही छान येतो. कृपा करून हे होऊ देऊ नका. त्या दरीत आमचा पऱ्या आहे आणि त्या उतारावर आमचा झरा. ढकललेली माती पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक सरीबरोबर पाण्यात उतरत राहील. शाळेमागच्या पड सपाटीवर मलबा टाकायला जागा आहे, जमीनमालक तयार आहेत. वाहतुकीचा खर्च वाढेल, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा. नंतर धरला की तो कापला जातो.

झऱ्याच्या वरच्या अंगाला रस्ता रुंद करण्यासाठी नव्याने डोंगर कापू नका, अशीही विनंती आहे. झऱ्याचं पाणी कोणत्या भेगेतून येतं ते वरून दिसत नाही. ती भेग उघडी पडली तर पाणी दुसरीकडे निघून जाईल आणि आमची कोठी कोरडी राहील. तिथे रस्ता अरुंद राहिला तरी चालेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला पाहणीच्या दिवशी सोबत आणता आलं तर फार बरं.

आणि पाइप. तो या वेळी रस्त्याच्या खालच्या कडेने नको. डोंगराच्या बाजूने, खोल, आणि जिथे रस्ता ओलांडावा लागेल तिथे लोखंडी. रस्ता गेला तरी पाइप राहावा आणि पाइप फुटला तरी त्या पाण्याने रस्ता जाऊ नये.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. माझा पुतण्या पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने मला अमेरिकेतल्या अॅशव्हिल शहराबद्दल सांगितलं. उत्तर कॅरोलिना राज्यात, डोंगरात वसलेलं शहर. पाणी नॉर्थ फोर्क नावाच्या डोंगरातल्या जलाशयातून येतं. २००४ मध्ये वादळांनी त्यांची जलवाहिनी मोडली, म्हणून त्यांनी नंतर एक पर्यायी वाहिनी घातली, २५ फूट खोल. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलेन वादळ आलं. जलशुद्धीकरण केंद्राकडे जाणारा रस्ता गेला, मुख्य वाहिन्या गेल्या, आणि ती २५ फूट खोल पुरलेली पर्यायी वाहिनीही उघडी पडून वाहून गेली. माणसं आणि यंत्रं वर पोचायला आधी रस्ता करावा लागला. वाहिनी पुन्हा जोडली गेली तरी पाणी पिण्याजोगं नव्हतं, कारण जलाशयात इतका गाळ उतरला होता की केंद्राला ते गाळता येईना. उकळल्याशिवाय पिऊ नका ही सूचना १८ नोव्हेंबरला उठली. शहराने ५३ दिवस पिण्याच्या पाण्याविना काढले. तिथे पैसा होता, सैन्याचे अभियंते होते, यंत्रं होती. आधी रस्ता, मग पाइप, मग गाळ, हा क्रम मी ऐकला तेव्हा मला आमचंच वळण डोळ्यांसमोर आलं. ५० हजार लिटरच्या आमच्या टाकीजवळ तर गाळणी यंत्रणाही नाही. आम्ही किती दिवस काढणार?

रस्त्याचा वरचा तुकडा वनजमिनीतून जातो, ही अडचण मला बैठकीत दोनदा ऐकवली गेली. त्याबद्दल एवढंच म्हणते: २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पाहावं. गावाच्या सोयीच्या तेरा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाणार नसतील तर, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. त्या तेरा कामांत पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिन्या आहेत, रस्तेही आहेत. ग्रामसभेचा ठराव आम्ही करून ठेवतो. आमच्या कामाला एक हेक्टर लागणारही नाही, आणि झाडं तोडावी असं आम्हालाच वाटत नाही. तो उतार झाडांच्या मुळांवरच उभा आहे.

आमच्याकडून काय चुकलं तेही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. ती मोरी साफ ठेवणं आमचं काम होतं. दर मे महिन्यात ती साफ करायची असं समितीच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे, माझी सही आहे. सलग दोन वर्षं ते झालं नाही. मुरूम टाकून झालेल्या कामावर, काम समाधानकारक आहे, असं आम्हीच लिहून दिलं. जागेवर जाऊन गटार कुठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही. ऐनाचं झाड पडलं हे खरं, पण मोरी मोकळी असती तर कदाचित रस्ता वाचला असता. हे मनात राहतं.

यापुढे समितीने ठरवलं आहे ते असं. पावसाळ्याआधी आणि गणपतीआधी, वर्षातून दोनदा मोऱ्या आणि गटारं आम्ही साफ करू. तिन्ही वाड्यांच्या पाळ्या लागल्या आहेत. पाणीपट्टीतून त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढायला ग्रामसभेने संमती दिली आहे. उतारावर वाळ्याची लावणी आम्ही करू. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात, रोपं आमच्या बांधांवर आहेत, मृगाच्या पावसात लावली की लागतील. शिमग्याला मुंबईहून चाकरमानी गावी येतात. त्यांनी कळवलं आहे की पालखी झाली की दोन दिवस ते दगड वाहायला आणि सोलिंगला उभे राहतील. गवंडीकाम येणारी माणसं त्यांत आहेत. आम्ही नुसता हात पसरून बसलेलो नाही. पण भिंतीचा पाया, स्लॅबची मोरी आणि पाइपाची नवी आखणी हे श्रमदानाचं काम नाही. ते चुकीचं झालं तर कोणाच्या तरी जिवावर येईल.

दिवस थोडे आहेत. आता थंडी आहे, माती कोरडी आहे, पऱ्या बारीक झाला आहे. पाया खणायला याहून चांगला काळ नाही. पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, ही सगळी पावलं मला तोंडपाठ झाली आहेत. प्रत्येक पावलाला वेळ लागतो हेही समजलं आहे. मेच्या अखेरीला सुरू झालेलं काम पहिल्या पावसात अर्धवट सापडतं, आणि उकरून ठेवलेली मोकळी माती न केलेल्या कामापेक्षा वाईट. पूर्ण काम या हंगामात बसणार नसेल, तर निदान तीन गोष्टी मृगाच्या आधी व्हाव्यात: पडलेल्या झाडाखालची मोरी मोकळी करणं, वळणाच्या वरच्या बाजूने पाणी वळवणारं गटार, आणि लोंबणाऱ्या पाइपाला खालून आधार. भिंत दिवाळीनंतर झाली तरी आम्ही समजून घेऊ. मात्र मुरूम टाकू नका. पैसे उरले असतील आणि मार्चअखेर जवळ आली असेल, तरीही नको.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कोणताही दिवस आपण कळवा. शाळेपाशी सकाळी सातला भेटू, ऊन चढायच्या आत जाऊन येता येईल. चालत पाऊण तास लागतो. तुटलेल्या जागी दोर बांधलेला आहे, तिथे दोन्ही बाजूंना आमची माणसं उभी राहतील. पायांत बूट असावेत. मोजमापाचा टेप आणि लेव्हलचं यंत्र सोबत आणा. मी बाटल्या घेऊन येईन, एक कोठीतून भरू, एक वळणाखालच्या पऱ्यातून, आणि दोन्ही आपल्या कार्यालयात अठ्ठेचाळीस तास ठेवू.

आपली,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची एक सदस्य,
तिन्ही वाड्यांच्या वतीने